घाव पुढं की मागं

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक होते, देवांच्या मूर्ती ठसवलेले छोटे पत्रे. खंडोबा, भवानी, भैरोबा, आणि त्यांच्या रांगेत अंग चोरून बसलेला आमच्याच घरातला एक माणूस, माझा चुलता. पहिल्या मोठ्या लढाईत तो पलटणीबरोबर बसऱ्याकडं गेला आणि तिकडंच राहिला. टाकावर तो घोड्यावर बसलेला होता, हातात उगारलेली तलवार. खरं सांगायचं तर चुलता जन्मात घोड्यावर बसला नव्हता. पलटणीत तो खेचरं हाकायचा. पण तळेगावच्या सोनाराकडं वीराचा ठसा एकच, त्यावर घोडा कोरलेला, त्यामुळं आमच्या बाजूचा जो कोणी लढाईत पडला तो मेल्यावर घोडेस्वार झाला.

दसरा जवळ आला की टाक राखेनं घासायचं काम माझ्याकडं असे. दादा, माझा थोरला भाऊ, उंबऱ्यावर बसून मला चिडवायचा. "हळू घास गं, चुलत्याचं नाक गेलं तर सोनार दुसरं लावून देणार न्हाई." आणि वर म्हणायचा, "माझा टाक घडवाल तवा घोडा नगं म्हणावं. पायात बूट दाखव." आई चुलीपुढून उठून येऊन त्याच्या पाठीत धपाटा घालायची. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले, त्यामुळं धपाटे घालायचं खातंही तिच्याचकडं होतं. दादा तेव्हा मिसरूड फुटलेला, बैलाएवढा, आणि तरी धपाटा बसला की लहान पोरासारखा ओरडायचा.

आमचं गाव लोहगडाच्या पायथ्याशी. मळवली स्टेशनवर उतरायचं आणि चालायचं. मी तळेगावला मावशीकडं राहून मराठी सातवीपर्यंत शिकत होते, गावात तेव्हा एवढं शिकलेली मुलगी दुसरी नव्हती, आणि याचा मला जो काही तोरा होता तो मी लपवत नसे. शनिवारी घरी यायची तर दादा स्टेशनवर हजर. माझं गाठोडं खांद्यावर टाकून तो असा सुटायचा की मला पळावं लागायचं. सपाटीवर ठीक, पण चढ लागला की दादाच्या पायात काहीतरी शिरायचं. लोक चढताना बोलणं बंद करतात. हा चढताना शीळ घालायचा. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं पाटीत भरून तो आणि त्याचा सोबती डोंगरावरून आडवाटेनं लोणावळ्याला जायचे. तिथं बंगल्यांवर हवा खायला आलेल्या मंडळींना पळसाच्या द्रोणांतून करवंदं विकायची आणि दिवस मावळायच्या आत परत. गावातली बाकीची माणसं गेली की दुसऱ्या दिवशी यायची.

हा सोबती म्हणजे आमच्या भावकीतलाच, समोरच्या घरातला. मी त्याला भाऊ म्हणत असे. दादा बोलका आणि भाऊ मुका, असं गावात म्हणत. दोघं एकाच ताटात जेवायचे, एकाच ओढ्यात डुंबायचे, आणि कुणाची कळ काढायची असली तर दादा काढायचा आणि मार भाऊ खायचा. मला आजही त्या दोघांचं हसणं ऐकू येतं. त्यात दादाचं कुठलं आणि भाऊचं कुठलं ते मी डोळे मिटून सांगू शकते.

मग दुसरी मोठी लढाई लागली. देहूरोडला लष्कराची कोठारं उभी राहिली आणि आमच्याकडची जवान माणसं भात झोडून झालं की तिकडं हमालीला जाऊ लागली. दादा आणि भाऊही गेले. गोळ्यांच्या जड पेट्या गाडीतून उतरवून कोठारात लावायच्या. लोणावळ्याच्या बाजारात खाकीच खाकी, गोरे शिपाई भज्यांच्या दुकानापुढं उभे राहून तिखटानं नाक पुसताहेत, घाटातून एकामागून एक पलटणींच्या गाड्या चालल्यात. लढाई वाईट, हे मी पुढं मास्तरीण झाल्यावर शाळेत शिकवतही आले. पण त्या दिवसांची आठवण आली की मन हरखतं, काय करू? सगळं हलत होतं, आणि आमची माणसं अजून आमच्यात होती.

एके दिवशी दोघं भरती होऊन आले. आईनं चुलत्याच्या टाकाकडं बोट केलं आणि म्हणाली, "एक बसलाय न्हवं तितं? भागलं न्हाई का?" दादा म्हणाला, "आये, कोठारात पेट्या उचलून उचलून कंबर मोडली. निदान पेटीत काय आसतंय त्ये तरी बगू." आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वळले.

जायच्या दिवशी गाडी मळवलीला थांबणार नव्हती. दादानं सांगून ठेवलं होतं, फाटकापाशी उभ्या रहा, मी दारात असेन. आम्ही सकाळपासून जाऊन उभ्या. गाडी आली ती धडधडत आली. प्रत्येक दारात, प्रत्येक खिडकीत खाकी कपडे, सगळ्यांची डोकी भादरलेली, सगळेच हात हलवताहेत. दादा कुठला ते आम्हाला कळलंच नाही. मी रडकुंडीला आले. आईनं पदर सावरला आणि शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्यांनाच हात केला. गाडी गेल्यावर म्हणाली, "त्यात व्हता ना? मग पोचलं त्याला."

दादाची पत्रं येत. अक्षर कोंबडीच्या पायांचं, मजकूर तोच तोच: खुशाल आहे, खायला बरं मिळतं, थंडी फार. एकदा लिहिलं होतं, इथले डोंगर आपल्यासारखे आहेत, पण करवंदं नाहीत. तो इटलीत होता हे आम्हाला नंतर कळलं.

तार आली ती भात लावणीच्या दिवसांत. पाटलाचा माणूस घेऊन आला. तार इंग्रजी, माझं सातवीपर्यंतचं शिक्षण तिथं कामाचं नव्हतं. स्टेशनमास्तरांकडं नेली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "शत्रूशी लढताना कामी आला." आई गुडघाभर चिखलातून उठून तशीच आली होती. तिचे पाय स्टेशनच्या फरशीवर उमटले होते. तिनं एवढंच विचारलं, "वळखीचं कुनी व्हतं का जवळ?" मास्तरांनी तार पुन्हा वाचून पाहिली.

काही आठवड्यांनी पलटणीकडून मराठीतून छापलेलं पत्र आलं, फक्त नाव शाईनं भरलेलं. आपला मुलगा शत्रूच्या माऱ्यात शौर्यानं पुढं जात असता जागच्या जागी मरण पावला, त्याला कसल्याही वेदना झाल्या नाहीत. आईनं मला ते पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. पुढं मी कार्ल्याच्या बाजूच्या एका गावी मैत्रिणीकडं गेले, तर तिच्या भावाचंही तसंच पत्र, शब्द न् शब्द तोच. त्यालाही कसल्याही वेदना झाल्या नव्हत्या. मला इतका राग आला की पाणीसुद्धा न पिता मी उठून आले. वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकाच्या पाटीवरून निबंध उतरवला की मास्तरांना कसं वाटत असेल, तसं मला वाटलं होतं.

आईला मात्र आता एकच ध्यास लागला, दादाचा टाक. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. मागं मूल नाही, पिंड द्यायला कुणी नाही, देह कुठल्या मुलखात पुरला देव जाणे. टाक झाला तर त्याला घरात जागा होती, रोजचं पाणी होतं, दसऱ्याचा नैवेद्य होता. नाही झाला तर तो कुठंच नव्हता. आई हे असं उघड बोलत नसे, पण देव्हाऱ्यात चुलत्याचा टाक तिनं थोडा बाजूला सरकवून जागा केली होती.

पण लढाईत मेला म्हणून कुणी आमच्याकडं वीर होत नसे. भावकीचा रिवाज कडक होता. ज्यानं त्याला पडताना पाहिलं त्या माणसानं नवरात्राच्या आधी भैरोबाच्या देवळात येऊन, हातात शपथेचा बेल-भंडार घेऊन, सगळ्यांसमोर सांगायचं. त्याला दोन गोष्टी विचारत. हातात हत्यार होतं का? आणि घाव पुढं की मागं? घाव छातीवर, तोंडावर असला की माणूस सोनाराकडं जाई. पाठीत असला तर साक्ष देणाऱ्याला पाणी पाजून वाटेला लावत, आणि त्या घरात तो विषय पुन्हा निघत नसे. पळणाऱ्याला देवांच्या रांगेत बसवायचं नाही, एवढा साधा हिशोब. तलवारींच्या काळात तो बरोबरही असेल.

दादाला पडताना पाहिलं असेल असा एकच माणूस आमच्या ओळखीचा होता, त्याच्याच कंपनीतला भाऊ. त्यामुळं आई भाऊची वाट पाहू लागली. लढाई संपली, माणसं परतू लागली, आणि एका दुपारी भाऊ गावी परतला. आधी आमच्याकडंच आला. दादाचा जस्ताचा मग, दाढीचा ब्रश आणि काडेपेटीत ठेवलेलं एक बटण, एवढं त्यानं आईच्या ओंजळीत घातलं. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नवरात्राच्या आधी देवळात बोलशील न्हवं?" भाऊ म्हणाला, "व्हय, काकी." तोंडानं व्हय म्हणत तो मागं मागं सरकत होता.

त्या वर्षी नवरात्र तोंडावर आलं आणि भाऊ लोणावळ्याला एका बंगल्यावर माळीकामाला गेला. साक्ष राहिली. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत त्याला ताप आला म्हणे. ज्याला इटलीच्या बर्फात ताप आला नाही त्याला मावळात आला! मी मुळात भांडखोर. तोवर लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती. एका रविवारी सकाळी मी सरळ त्या बंगल्यावर गेले. भाऊ गुलाबांना आळी करत होता.

"माझ्या आईची वाट बघून बघून माती झाली," मी म्हटलं. "चार शब्द बोलायला तुझं काय जातंय? एकाच ताटात जेवत होतास ना?"

त्यानं खुरपं खाली ठेवलं. "तुला काय वाटतंय, मला बोलायचं न्हाई?"

"मग बोल की!"

"काय इचारत्यात त्ये ठावं हाय मला," तो म्हणाला आणि पुन्हा मातीकडं बघायला लागला. मग म्हणाला, "यंदा येतो. बेल-भंडार हातात घेऊन खोटं बोलायचं मला जमायचं न्हाई, एवढं काकीला सांगून ठिव."

मी ते आईला सांगितलं नाही. खरं बोलणार आहे ना, मग घाबरायचं कशाला, असं मला वाटलं.

नवरात्राआधीच्या रविवारी भावकी देवळात जमली. पुरुष आत, आम्ही बायका ओसरीवर. भावकीत सगळ्यांत थोर होते ते आमचे थोरले आबा, माझ्या वडिलांचे चुलते. आवाज करडा, पण दादाला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली त्यांनीच. त्यांनी भाऊच्या हातावर बेल आणि भंडारा ठेवला. "हत्यार हातात व्हतं?"

"व्हतं."

"घाव पुढं का मागं?"

भाऊच्या मुठीतून भंडारा गळून पायरीवर सांडत होता. "मागं," तो म्हणाला.

ओसरीवर कुणीतरी "अगं बाई" म्हटलं. आईनं माझं मनगट धरलं. आत गलका झाला, आणि त्या गलक्यावर चढून भाऊ, आमचा मुका भाऊ, जन्मात बोलला नव्हता तेवढं एका दमात बोलला.

"ऐकून घ्या आधी! आमास्नी एक टेकाड घ्यायचं व्हतं. आपल्या तोफा मागं, आमी पुढं. सायबानं घड्याळावर बसवलेलं आसतंय. अमुक येळपतोर तोफा टेकाडाच्या माथ्यावर मारा करनार, मग पुढच्या डोंगरावर. तवर आमी निम्म्या चढावर पायजे. पर आमी मावळातली मानसं! चढ दिसला की आमचे पाय ऐकत्यात व्हय? बाकीच्या कंपन्या खाली धापा टाकत व्हत्या आन् आमी माथ्याला भिडलो. त्यो सगळ्यांच्या पुढं. शीळ घालत व्हता, आबा, शीळ. माथ्यावरच्या खडकापाशी पोचला आन् मागं न बघताच हात केला, या म्हनून. तवाच मागनं गोळा आला. आपलाच."

देवळामागच्या पिंपळावर पाखरांचा कालवा तेवढा चालू होता.

"पत्रात तर दुश्मनाचा मारा लिवलाय," आबा म्हणाले.

"सायबानंच तसं लिवायचं ठरवलं. वाईट न्हवता त्यो, आमच्यापुढं रडला. म्हनला, घरवाल्यांना सांगून काय फायदा? मेलेला काय परत येनार? लढाईत मेला एवढं खरंच हाय. कुनी इचारलं तर दुश्मनाचा गोळा म्हना. आमी सगळ्यांनी माना डोलावल्या. आशी लय मेली तितं, आबा. समदी एकाच शब्दात बसवली."

आबा उठले, गाभाऱ्यापर्यंत गेले, परत आले. त्यांचा आवाज फाटला होता. "मला तुझं पटतंय. पर उद्या गाव काय म्हनंल? सरकारचा कागद म्हनतोय दुश्मनाचा गोळा. दुश्मन पुढं, आन् घाव मागं. मग त्यो पळत व्हता, आसंच की न्हाई? सोबत्याला वाचवायला ह्यानं गोष्ट रचली म्हनतील. सरकारनं आपल्याच मानसावर गोळा टाकला ह्ये कोन मानंल? तू सांगतोस तसं सरकारकडनं लिहून आना. मी सोता सोनाराकडं जातो."

दादाचा मान राखावा म्हणून लष्करानं जे लिहिलं होतं त्यानंच तो घालवला होता. मी घरी आले ती पाय आपटत आले. दादाच्या पाठीत गोळा घालतात आणि वर आम्हाला शौर्याची पत्रं छापून पाठवतात! देहूरोडच्या कोठारात दादानंच उचललेल्या एखाद्या पेटीतला तो गोळा असेल, असंही त्या दिवशी मनात येऊन गेलं. तो विचार करायला बसलं तर संपत नाही, म्हणून मी कधी बसत नाही. पण त्या दिवशी मला इलाज सापडला होता. वडगावला मामलेदार कचेरीच्या आवारात शिपायांच्या घरच्यांची दाद घेणारं एक ऑफिस होतं. तिथून अर्ज वर जातो, चौकशी लागते, हे मला ठाऊक होतं. मी दौत-टाक घेऊन ओसरीत बसले. सातवीपर्यंतचं सगळं मराठी मी त्या अर्जात ओतायला घेतलं. आई माझ्या शेजारी येऊन बसली. इतक्या वर्षांत प्रथमच तिच्या चेहऱ्यावर थोडी तुकतुकी दिसली. "चांगलं लिव," ती म्हणाली. "त्यो पुढं व्हता ह्ये ठळक लिव."

साक्षीदार म्हणून भाऊची सही हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, सही केली, आणि मग तसाच कागद हातात धरून बसला.

"चौकशी लागली म्हंजी काय व्हईल?" आईनं त्याला सहज विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"तोफखान्यातल्या समद्यांना उभं करतील. कुटल्या तोफेचा गोळा, कुनी डागला, शोधून काडतील. त्या दिवशी शोधलंच न्हवतं."

"म्हंजी ज्यानं डागला त्याला ठावं न्हाई?"

"न्हाई, काकी. त्यास्नीबी कुनी सांगितलं न्हाई." भाऊ थांबला. मला वाटलं संपलं. पण तो पुढं बोलत राहिला, आईकडं न बघता. "त्या दिवशी सांजच्याला तोफखान्यातला एक गडी आमच्याकडं आलता. आपल्याच बाजूचा, साताऱ्याकडचा. लय खुशीत. म्हनला, कशी वाट मोकळी करून दिली तुमास्नी! त्याच्या घरनं पुडकं आलतं, शेंगदान्याचे लाडू. समुद्र वलांडून यिऊस्तोवर निसता भुगा झालेला. त्यानं माझ्या हातावर मूठभर ठिवला. आईनं केल्यात म्हनला."

"मग?"

"खाल्ला, काकी. काय करनार व्हतो?"

आईचा हात सुपात तसाच राहिला. मग तिनं सूप खाली ठेवलं, भाऊच्या हातातला कागद घेतला, आणि माझ्यापुढं धरला. "ह्यो धाडू नगंस."

मी भडकले. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. इतकी वर्षं वाट पाहिलीस ती कशासाठी, असं म्हटलं. तो गडी तुझा कोण, असंही म्हटलं. आई ऐकत होती. माझं ओरडून झालं तेव्हा म्हणाली, "माझा गेला त्यो गेला. लाडू धाडले त्या बाईचा घरी आला आसंल. जेवत आसंल, झोपत आसंल. त्याचाच गोळा निगाला तर त्याला आता कुनी जाऊन सांगायचं, तुज्या हातनं आपलंच मानूस मेलं म्हनून? कशापायी? माझ्या देव्हाऱ्यात चांदी यावी म्हनून?"

"आणि दादा?"

आता ती रडली. तारेच्या दिवशी नव्हती रडली तशी, तोंडात पदर कोंबून, पाठ हलेपर्यंत. भाऊ उठून अंगणात जाऊन उभा राहिला. रडणं थांबल्यावर तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

त्या दसऱ्याला टाक आला नाही, पुढंही कधी आला नाही. मी आईवर किती वर्षं रागावून होते! लष्करानं आम्हाला खोटं सांगितलं म्हणून मी जळत होते, आणि तेच खोटं तिनं एका अनोळखी माणसासाठी जपलं, हे मला सोसत नव्हतं. आज माझे केस तिच्याहून पांढरे झालेत, आणि तिचं बरोबर होतं असं म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. पण चूक होतं असंही म्हणवत नाही. दादाची आठवण आली की मला मळवलीचा रस्ता दिसतो आणि माझं गाठोडं खांद्यावर टाकून पुढं चाललेली ती रुंद पाठ दिसते, आणि मी पुन्हा तिच्यामागं पळायला लागते.

गावानं मात्र आबा म्हणाले होते तेच केलं. भाऊची गोष्ट लोकांनी ऐकली, माना हलवल्या आणि सोडून दिली. घाव पाठीत होता, एवढंच लक्षात ठेवलं. मी सुट्टीत घरी आले होते तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघी नदीवर धुणं धूत होतो. वरच्या आळीतली एक बाई, जिच्या दिराचा टाक त्याच वर्षी झाला होता, ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमच्या लेकाचा न्हाई व्हय झाला टाक? का वो? पाठीत व्हता म्हनं घाव."

मी हातातलं लुगडं टाकून उठलेच होते. सगळं सांगणार होते. माथा, शीळ, तोफा, सगळं. आईनं ओल्या हातानं माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"व्हय बाई," ती म्हणाली. "पाठीतच व्हता."

आणि तिनं लुगडं पिळायला घेतलं. दुसरं टोक मी धरलं.